दत्त्याच्या लॅपटॉपचा खरा स्पीड

आमच्या पाटोद्याच्या दत्त्यानं काय केलं, ऐका. त्याच्या मेव्हण्यानं चौसाळ्याहून त्याला जुनापुराणा लॅपटॉप दिला. म्हणाला, प्रोसेसर सोळाशे मेगाहर्ट्झचा हाय. दत्त्यानं घरी तपासला, तर स्क्रीनवर सहाशे! माझ्यासमोरच त्यानं स्पीकरवर फोन लावला.

"कावून फसवलं बे? तुमचं अख्खं खानदानच लबाड हाय!"

"दाजी, चार्जर लावलाय का?"

"न्हाई."

"लावा आधी. बॅटरी वाचवायला तो हळू चालतो."

चार्जर लावला आणि आकडा सोळाशेवर गेला. वहिनी दारातून सगळं ऐकत होत्या.

"मागा माझ्या भावाची माफी."

दत्त्या लगेच फोनवर ओरडला, "हॅलो? हॅलो? आवाजच येईना बे!"

तिकडून मेव्हणा म्हणाला, "मला लई क्लिअर येतोय, दाजी. मागा."