दुसरी भट्टी

नाही, आधी सांगा, तुम्हाला पाठवलंय कुणी? कारण गिऱ्हाईक असं दारात उभं राहून भिंती न्याहाळत नाही — गिऱ्हाईक आल्या आल्या विचारतं, माल कधी देताय — आणि तुम्ही मघापासून ती तुटकी पिन तळहातावर घेऊन नुसते उभे. विमावाले ना तुम्ही? नाही म्हणता. मागचा आला होता तोही नाहीच म्हणाला, आणि जाताना भट्टीचे फोटो काढून गेला. बसा. त्या स्टुलावर नको, ते डुगडुगतं.

द्या इकडे. हं, कप्पीची पिन. आता ही आमच्याकडचीच कशावरून? पोलाद काय, कुणीही तापवतं. तुटलेलं तोंड बघा — सपाट, काच फुटावी तसं. चांगली पिन अशी जात नाही हो, आधी वाकते, खालच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ देते. ही वाकलीच नाही. लोकांना वाटतं, कडक म्हणजे मजबूत. कुठलं! लाल करून तेलात बुडवलं की पोलाद कडक होतं, पण आतून ताणलेलं असतं, ठिसूळ — म्हणून ते लगेच दुसऱ्या भट्टीत ठेवायचं, कमी आचेवर, दोन तास. थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो. ते दोन तास चुकवले की ही अशी गत. हिला तर आत ऊबसुद्धा पोचली नव्हती, भट्टी नुकती कुठे तापायला लागली होती आणि — म्हणजे, अंदाजाने म्हणते मी.

भट्टीवर कोण होतं? जबाबात आहे की. माझा मोठा भाऊ. स्वतःच्या हाताने लिहून दिलंय त्याने. का दिलं, ते त्यालाच ठाऊक. सहा महिने आमचं बोलणं नव्हतं, बाबांना कुणी सांभाळायचं यावरून — आणि असा माणूस एकाएकी पुढे होतो? त्याच्या पोटात काहीतरी असणारच. कारखाना नावावर करून घ्यायचा असेल. वहिनीने कान भरले असतील. मी तोंडावर विचारलं, दादा, तुला हवंय काय? तर म्हणतो, "तू आत गेलीस तर बाबांना भरवणार कोण? माझ्या हातून ते जेवत नाहीत." एवढंच. आता यावर कुणी विश्वास ठेवावा? मी नाही ठेवला. दर सोमवारी चौकीत हजेरी लावून येतो, इथल्या दारावरून जातो, आत येत नाही. बघतही नाही. म्हणजे काहीतरी आहेच ना मनात?

आणि मला तरी काय माहीत होतं? शेजारीणबाईंचा फोन आला, बाबा जिन्यात पडलेत — कुणीही बटण बंद करून धावलं असतं. सकाळी येऊन पुन्हा लावणार होते. तर सकाळी माल न्यायला गाडी दारात उभी, ड्रायव्हर घाई करतोय. पिनेवर कानस ओढून बघायची असते — घसरली तर समजायचं, माल नुसता कडक आहे, अजून कच्चा. मी ओढलीच नाही. घसरणार हे ठाऊक होतं, म्हणूनच नाही ओढली. पेटीचं झाकण लावलं आणि —

तुम्ही लिहून का घेत नाही? विमावाले लिहून घेतात.

काय म्हणालात? तो... कप्पीखालचा? तुमचा धाकटा भाऊ?

पाय गुडघ्याखालून गेला म्हणे. मला वाटलं होतं, निदान एवढं तरी लोक वाढवून सांगत असतील.

ठेवा ती पिन खिशात. चौकी पुढच्या वळणावर आहे. तिथे सांगा, दादा त्या दिवशी इथं नव्हताच, मी एकटीच होते. बाबांना जेवू घालून मीही येतेच मागोमाग. जा आता. आणि माझ्याकडे असं बघू नका.