पावावरची चार बोटं

पुट... पुट... पुट... आता हा आवाज मला या वयात पुन्हा ऐकवायची काही गरज होती का? लहानपणी ऐकला होता मी तो. महालक्ष्म्यांच्या आधी आमची माय मडक्यात ज्वारीचं पीठ आंबवायला ठेवायची, आंबिलीसाठी, वर फडकं बांधायची, आणि मी त्या मडक्याला कान लावून बसायचो, मला वाटायचं आत कोणीतरी आहे आणि ते सावकाश बोलतंय... माझ्यासारखंच. मग माय गेली, मडकं गेलं, बार्शीटाकळीचा भाजीचा मळा पुतण्याच्या हाती देऊन आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी अकोल्याला मुलाकडे आलो, आणि एक दिवस सकाळी चहाची वाट पाहत बसलो असताना ओट्यावरच्या काचेच्या बरणीतून तोच आवाज... पुट... पुट... दचकायचं की नाही माणसानं? दचकलो. पण मी काही बोललो नाही.

मी बोलतच नाही मुळी. गावात म्हणायचे, उत्तमरावाच्या तोंडातून शब्द काढायचा तर विहिरीवर मोट लावावी लागते. आज एवढा बोलतोय ते सुटलो म्हणून, तुम्हाला सांगतो, मोठ्या घोरातून सुटलो. आणि माझ्या वाट्याचं सगळं बोलायला आमची लीला आहे की. लीलाबाई. माझी बायको. तिचं असं आहे की भाजीत मीठ कमी पडलं तर ते ती आधी मला सांगते, मग शेजारी इंदूबाईला सांगते, मग भाजीला सांगते.

तर बरणी. बरणी सुनेची. सून म्हणजे रागिणी, अमरावतीची, घरीच शिकवण्या घेते, गुणाची पोरगी. तिनं नुसतं पीठ आणि पाणी कालवून ते बरणीत आंबवलं होतं, आणि त्या आंबवणाचा म्हणे पाव होतो, बाजारातल्यासारखा नाही, घरचा, मऊ, चौकोनी काप पडतील असा. आणि त्या बरणीला रोज जेवू घालावं लागतं. खरंच सांगतो! सकाळी चमचाभर पीठ, घोटभर पाणी. लीला बघायची आणि म्हणायची, "मायबाई, मानसं जेवाची बाकी हायेत अन बरनीचं ताट वाढून राह्यली." लीलानं तिचं नाव ठेवलं, बरणीतला पाहुणा. पाहुणा जेवला काय? पाहुणा उतू गेला, पुसा. मुलगा सागर हसायचा, रागिणी हसायची. मी काही बोललो नाही.

कारण मला माहीत होतं ना, तो पाव कोणासाठी होता ते.

त्याचं असं झालं, लीलाचे दात. हिरड्या सुजल्या, पू झाला, डॉक्टरांनी एक एक करून सगळे काढले, आणि नवे बसवायचे तर हिरड्या आधी वाळल्या पाहिजेत, तोपर्यंत मऊ खा म्हणाले. मऊ म्हणजे काय? वरणात कुस्करलेला भात. सकाळी तोच, संध्याकाळी तोच. जिनं जन्मभर कडक भाकरी आणि ठेचा खाल्ला, ती बाई भाताचं पातेलं दिसलं की तोंड फिरवायला लागली. दुधात पोळी कुस्करून दिली तर म्हणाली, "मी काय रांगतं लेकरू हाय काय?" बाजारातला ब्रेड आणला तर छातीत जळजळ, आणि वरून बोलणी, ब्रेड म्हणजे दवाखान्यातलं खाणं, मले कोनता दवाखाना लागला? हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या हो तिच्या. कोपरापर्यंत! रागिणीनं ते पाहिलं आणि कोणाला न सांगता ती बरणी घालून बसली. तुमच्यासाठी करते म्हटलं असतं तर लीलानं हात लावला नसता, म्हणून सांगायची, मला आवडतो, म्हणून करते. मला तेवढं कानात सांगितलं होतं. माझ्या कानात सांगितलेलं कुठं जातं? कुठंच जात नाही.

आणि मग पहिला पाव झाला... पाव कसला, वीट! संध्याकाळी पीठ मळलं, लांबट गोळा करून पत्र्याच्या साच्यात घातला, रात्रभर फुगायला ठेवला, सकाळी सुनेच्या विजेच्या भट्टीत. थंडीचे दिवस, रात्रभर ठेवावाच लागतो म्हणे. सकाळी पाहतो तर वरून बसलेला, मधोमध खड्डे पडलेले, सुरी घातली तर सुरी परत आली. रागिणी म्हणाली, थंडी लागली असेल त्याला. मग दुसऱ्या वेळी साच्याला गुंडाळायला काय घेतलं असेल? माझा मफलर. मी कानाला टॉवेल बांधून झोपलो, पावानं मफलर घातला. सकाळी पुन्हा तेच, वर खड्डे, आत दगड. मग सागर मोबाईलवर बघून म्हणाला, उकाडा जास्त झाला, जास्त फुगला आणि बसला. मग मफलर काढला. पुन्हा खड्डे! पीठ बदललं, खड्डे. पाणी बदललं... आणि अकोल्यात पाणी बदलणं म्हणजे काय ते अकोलेकरांना विचारा, नळ येतो कधीमधी, त्यात पावाला वेगळं उकळून गाळून... तरी खड्डे. आणि झालेल्या विटा टाकायच्या नाहीत, अन्न आहे. मग त्या कोणी खायच्या? लीलाला दात नाहीत, सागरला वेळ नाही, सुनेला पाहवत नाहीत. मी खाल्ल्या. चहात बुडवून, चहा निवेपर्यंत बुडवून. मी काही बोललो नाही, तोंडात वीट असल्यावर बोलतो कोण?

शेवटी एक दिवस रागिणी तो ताजा दगड माझ्या ताटात ठेवून तिथंच बसली. आवाज अगदी बारीक. म्हणाली, "बाबा, मले नाई जमत. उद्याचा एक पाहतो, नाईतर बरनी धुऊन टाकतो." आणि उठून शिकवणीच्या पोरांकडे गेली. मी पावाकडे पाहत बसलो. म्हटलं, काय रे बाबा, काय कमी केलं तुला या पोरीनं? आणि पाहता पाहता, तुम्हाला सांगतो, माझ्या हातातला चहा हातातच राहिला. ते खड्डे... चार होते. ओळीनं. आणि त्यातला एक इतरांकडं पाठ करून तिरका.

आता लीलाच्या उजव्या हाताचं मधलं बोट तसंच आहे. मळ्यात गाडीच्या फळीत चेंगरलं होतं, तेव्हापासून तिरकं. त्या हातानं मला जन्मभर वाढलंय. ती बोटं पावावर उमटली काय आणि आभाळावर उमटली काय, मी ओळखणार नाही?

आणि मग सगळं डोक्यात आलं. कणिक! आमच्याकडे भिजवलेली कणिक रात्री तशीच ठेवत नाहीत. गोल गुळगुळीत गोळा दिसला की पितरांना वाटतं आपलाच पिंड मांडलाय, आणि ते येऊन बसतात. ठेवायचीच वेळ आली तर त्यावर बोटं उमटवायची, म्हणजे त्यांना कळतं, ही घरच्यांची आहे, आपण पुढं चला. माझी माय करायची, लीला करते. आणि इथं तर सून रोज भला मोठा गोळा रात्रभर मांडून ठेवत होती, वर माझा मफलर पांघरून!

आता करायचं काय? सुनेला सांगावं, तर सासूनं पाव बिघडवला असं होतं, आणि एकदा ते वाक्य घरात शिरलं की कोणत्या दारानं बाहेर काढणार? लीलाला सांगावं, तर तिला वाटणार आपल्या हातानं वाईट झालं, मग ती भातही सोडणार. आणि न सांगावं तर सकाळी बरणी मोरीत. दिवसभर मी नुसता ओसरीवरून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून ओसरीपर्यंत. लीला म्हणाली, "काय हरपलं जी तुमचं?" मी काही बोललो नाही.

पहाटे भांडं वाजलं तसा उठलो. लीला दिवा लावून ओट्यापाशी उभी. साच्यातला गोळा छान वर आला होता, साच्याच्या काठाला लागला होता, आणि तिचा हात त्याच्यावर, बोटं पसरलेली.

"काय करून राह्यली व?"

"दिसत नाई काय? बोटं उमटवून राह्यली. झोपताना उमटवले होते, त यानं पुसून टाकले."

"कोनं?"

"यानं." तिनं पावाकडं हनुवटी केली. "रोज पुसते. रोज सकाळी मले पुन्ना खोल दाबा लागते. त्या पोरीले काही समजत नाई, अन मामंजी येऊन बसले ओट्यावर त मी त्यांले काय वाढू? जितेपनीच त्यांले पोळी नरम लागे. असा पाव दिसला त उठाचे नाईत ते."

आता हसावं की काय करावं? वडील माझे! आणि तिनं हात खाली नेला, आणि मी... मी बोललो. मोट न लावता बोललो.

"लीला, दाबू नको. पोरगी तुह्यासाठी करून राह्यली हा पाव. तुह्या तोंडात दात नाईत म्हनून."

हात तिथंच थांबला. पीठ आणि बोटं यांच्यात दोऱ्याएवढी फट. आणि पाहतो तर दारात रागिणी उभी, केस विस्कटलेले, सगळं ऐकलेलं. म्हटलं, झालं. आता हे घर फुगलंय, आता कोणीतरी दाबणार.

रागिणी पुढं आली, पावाकडं पाहिलं, सासूच्या बोटांकडं पाहिलं, आणि म्हणाली, "आई, चारच उमटवा लागतात काय?"

लीलाचा आवाज आज पहिल्यांदा माझ्याएवढा हळू. "चार उमटवतात."

"एक चालत नाई?"

लीलानं विचार केला. खरा विचार केला, वर छताकडं पाहून, जणू तिथून कोणी सांगणार होतं. "चालन. पितर काही आंधये नाईत, एक बी दिसते त्यांले."

मग रागिणीनं काय सांगावं! ती म्हणाली, एका बोटानं तर पहाटे दाबूनच पाहावं लागतं. हलकंच दाबायचं, खड्डा झटकन भरला तर थांबायचं, सावकाश भरला आणि अर्धाच भरला, की भट्टीत घालायची वेळ झाली. चार बोटं खोल गेली की पहाटे आतली सगळी हवा निघते, ती मग काही परत येत नाही. संध्याकाळी घट्ट असताना हवी तेवढी बोटं उमटवा, रात्रभरात भरून येतात.

"अन पुरा भरला त निशानी कुठी राह्यली?" लीला. सोडेल ती?

"अर्धा राहते, आई."

"अर्धा." लीलानं पुन्हा छताकडं पाहिलं. "अर्धा त अर्धा. मामंजींले मी समजावून सांगीन."

आणि तिनं ते तिरकं बोट पाण्यात बुडवलं आणि गोळ्याच्या माथ्यावर हलकंच टेकवलं. आम्ही तिघं वाकून पाहतोय... सागर उठून आला, त्याला वाटलं काहीतरी पडलं ओट्यामागं, तोही वाकला... आणि खड्डा हळूहळू, सावकाश, मी बोलतो तसा, वर आला आणि अर्ध्यात थांबला.

"घाल आता," लीला म्हणाली. भट्टीची मालकीण तीच, जणू काही.

वास काय सुटला तुम्हाला सांगू! इंदूबाई भिंतीवरून विचारायला आली, कोनाचं लग्न हाय? आणि पाव वर आला, उशीसारखा, माथ्यावर एक बारीक खळी. लगेच कापायचा नाही म्हणे, निवू द्यायचा. लीला त्याच्यासमोर पाट घेऊन बसली, दर थोड्या वेळानं म्हणायची, "पाव हाय का गनपती? विसर्जनाची वाट पाहू काय?" शेवटी रागिणीनं कापला. सुरी आत गेली ती दिसलीच नाही. एक जाड काप, वर तूप, लीलाच्या हातात.

लीलानं पदर तोंडापुढं धरला. दात गेल्यापासून ती कोणासमोर खात नव्हती, पण आज खाल्लं, पदराआड. आम्ही वाट पाहतोय. आता बोलेल. मीठ कमी म्हणेल, दवाखान्यातलं खाणं म्हणेल, मामंजींना आवडला असता म्हणेल... सागरनं विचारलं, "कसा झाला, माय?" रागिणीचा हात सुरीवर, डोळे सासूवर, श्वास कुठं ते माहीत नाही.

पदर खाली आला. काप संपला होता. कड तेवढी उरली होती, ती चघळता येत नाही म्हणून तिनं माझ्या ताटात ठेवली. मग दुसरा काप तिनं आपल्या हातानं घेतला, त्याच्याही चारी कडा काढल्या, त्याही माझ्या ताटात. उठली. रागिणीच्या खांद्याला धरून उठली, नुसतं उठायला धरतात त्यापेक्षा थोडं जास्त वेळ धरून. आणि इतकी वर्षं या घरात न बोलायचं काम एकट्या माझ्याकडं होतं हो, तेवढं एकच काम येत होतं मला, आता तेही गेलं, ताटात कडा घेऊन बसलोय... आणि ती, मऊ मऊ काप हातात घेऊन, ओसरीवरल्या उन्हाकडं, एक अक्षर न बोलता निघून गेली.