काळी नळी

सासरे : दिसला का नळीत उजेड? नाही ना? मग सूनबाई, आता मुकाट्यानं बाटली भर आणि माझ्या नातवाला दूध पाज.

सून : या बोअरच्या पाण्यात त्याची पावडर मी कालवणार नाही, बाबा.

सासरे : अगं, माझ्या लेकीनं तपासलं, तिच्या प्रयोगशाळेतल्या नळ्या आणून! तिच्यावरही भरवसा नाही?

नणंद : वहिनी, नळीत जिवंत जंतू आहेत. पाण्यात कॅडमियम असलं की निळ्या दिव्याखाली ते हिरवे चमकतात. नाही चमकले. विषय संपला.

सून : बोअरला खेटून बाबांच्या कारखान्यातल्या कॅडमियम प्लेटिंगच्या टाक्या, आणि म्हणे विषय संपला!

सासरे : त्याच टाक्यांवर हिचं शिक्षण झालं. तुझं लग्नही. तेव्हा बरं नाक मुरडलं नाहीस!

सून : तेव्हा माझं पोर उलट्या करत नव्हतं.

सासरे : दात येताहेत त्याला! चार बुकं शिकली की पेल्यापेल्यात विष दिसतं. हा बघ, पितो मी. अजून भरू?

नणंद : बाबा, पुरे झालं नाटक. वहिनी, अंधारासाठी ओढलेला पडदा उघड आता.

सून : थांबा वन्सं. ही दुसरी नळी कसली?

नणंद : शुद्ध पाण्याची, त्याच जंतूंची. ताडून बघायला.

सून : ती निदान अंधुक तरी दिसतेय. आपली पार काळी. आपलं पाणी शुद्धाहून शुद्ध आहे का?

नणंद : ...आण इकडे.

सासरे : झालं! सूनबाईनं हिचेही कान भरले.

नणंद : गप्प बसा हो जरा! चुकलंच माझं. आपलं पाणी थेंबभर घेते, बाकी शुद्ध, आणि नव्या जंतूंवर पुन्हा लावते.

सासरे : पातळ करून काय सापडणार, कपाळ?

नणंद : जिवंत जंतू थोडे तरी अंधुक दिसतातच. विष इतकं असेल की जंतूच मेले, तर चमकणार कोण?

(पडदा ओढलेलाच राहतो. दुपार टळते.)

सून : लावा दिवा.

नणंद : ...हिरवं.

सासरे : दिवा बिघडलाय तुझा.

नणंद : शुद्ध पाण्याची नळी बघा, बाबा. ती होती तशीच आहे.

सासरे : हा भरलेला पेला बघ. वर्षानुवर्षं हेच पितोय मी. काय झालं मला? बोल की गं. काय झालंय मला?

सून : बाबा, तो पेला द्या इकडे.