किसनाची सत्ती

हसू नका, पण आमच्या साखऱ्याच्या किसनाचं ऐका. लकव्यानं त्याचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, नाहीतर हात कायमचा जाईल. हा ऐकेना.

मग नातीनं मोबाईलवर चिनी सिनेमा दाखवला. त्यातला जुगारी पत्ता नुसता चोळून सत्तीचा एक्का करायचा. दुसऱ्या दिवसापासून किसन मांडीवर सत्ती ठेवून लुळ्या बोटांनी चोळू लागला.

"काहून रे, येडा झाला का?" मी विचारलं.

"होते बराबर."

दोन महिन्यांनी त्याच्या बायकोला, आमच्या वहिनीला, कीव आली. त्याला डुलकी लागल्यावर तिनं सत्ती काढून एक्का ठेवला. किसन जागा झाला, एक्का पाहिला अन् उजव्या हातानं उचलून तिच्याकडं फेकला.

"माझी सत्ती आण. आता होऊनच राहिलं होतं."

वहिनी त्याच्या हाताकडंच बघत राहिली.