अखाजीला नेलेली धनश्री परत न आणल्याबाबत

पोलीस चौकी, लिंबायत विभाग, सुरत शहर
दि. २८ मे १९९७, बुधवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव : निंबा भिला सोनवणे. वय : ५४ वर्षे. धंदा : लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लूम दुरुस्त करणे. राहणार : लिंबायत, सुरत. मूळ गाव : तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे.

मी चौकीत हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी पत्नी उषाबाई हिच्यासह बावीस वर्षांपासून राहतो. मला गुजराती बोलता येते, वाचता येत नाही. ज्या कागदावर सही करायची तो मी स्वतः वाचल्याशिवाय करत नाही. जमादार श्रीरंगभाऊ नवापूरकडचे असल्याने त्यांना विनंती केली, म्हणून ते हा जबाब मराठीत लिहीत आहेत.

धनश्री, वय २६, ही माझ्या चुलत बहिणीची मुलगी. तिचे लग्न सन १९९१ मध्ये हिलाल छगन बोरसे याच्याशी झाले. हिलाल माझ्याच खात्यात लूम चालवतो. स्थळ मी सुचवले होते. मुलगा निर्व्यसनी, कामाला चोख, कोणाच्या अध्यातमध्यात नाही, असे मी तिच्या बापाला सांगितले होते. ते सर्व आजही खरे आहे व तसेच लिहून घ्यावे.

आमच्या खानदेशात सासुरवाशीण सणाला एकटी माहेरी जात नाही आणि एकटी परतही येत नाही. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की तिला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. ज्याने न्यायचे त्यानेच परत पोचवायचे. धनश्रीला भाऊ नाही. मी सुरतेतच असल्याने हे काम माझ्याकडे आले. हे सगळे मला माहीत आहे, पुढचे बोला, असे जमादार म्हणाले. पण हिलालची तक्रारच अशी आहे की मुऱ्हाळ्याने नेली व परत आणली नाही. म्हणून हे लिहायला लावले.

सन १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची घबराट झाली तेव्हा अर्धी गल्ली गावी पळाली. हिलाल थांबला. खात्यात जाताना तो खोलीला बाहेरून कुलूप लावू लागला. धनश्रीने बाहेर जाऊ नये, तिला रोग लागू नये, असे त्याने सांगितले. मी चार माणसांत म्हणालो की बघा, बायकोची काळजी करावी तर अशी. हे वाक्य माझे आहे, मी ते नाकारत नाही. प्लेग दिवाळीच्या आत संपला. कुलूप राहिले. सकाळी सात ते संध्याकाळी सात त्याची पाळी, म्हणजे रोज बारा तास. शेजारीपाजारी खिडकीतून तिच्याशी बोलत. कोणी हिलालला विचारले तर तो म्हणे, जमाना खराब आहे. आवाज चढवत नसे. त्याने तिच्यावर हात टाकल्याचे मी कधी पाहिले अगर ऐकले नाही.

कुलूप लागल्यापासून सणावाराला गेलेली धनश्री चार वेळा माहेरीच बसून राहिली. दर वेळी भाऊबंदांची बैठक झाली, हिलाल मान खाली घालून हो म्हणाला, तिच्या ओटीत नारळ घातला आणि मी तिला परत आणले. चारही वेळा मीच. चौथ्या वेळी ती निमूट गाडीत बसली. नंदुरबारला मी तिला काकडी घेऊन दिली, ती तिने सुरतेपर्यंत हातात धरून ठेवली. मला वाटले, शहाणी झाली पोरगी. आज मला त्या वाटण्याची लाज वाटते.

यंदा फेब्रुवारीत सुरतेतच पुन्हा बैठक झाली. त्यात मी हिलालला स्पष्ट बोललो. त्याने त्याच दिवशी कुलूप काढून माझ्या हातात दिले. नंतर तीन महिने एकही तक्रार नाही. तो वेळेवर घरी येई, तिच्यासाठी केळ्याची भजी आणी, दोनदा तिला तापीच्या पुलावर फिरायलाही घेऊन गेला. मी उषाबाईला म्हणालो की झाले एकदाचे मार्गी.

दि. ५ मे १९९७, सोमवार रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास मी धनश्रीला अखाजीसाठी न्यायला गेलो. हिलालने त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती. त्याने स्वतः तिची पेटी उचलून रिक्षात ठेवली. पेटी जड होती. "मामा, सणाला एवढं काय नेते ही?" असे तो हसून म्हणाला. मला प्रत्येक गोष्टीचे कारण विचारायची खोड आहे, खात्यात त्यावरून माझी चेष्टाही होते. पण पेटीचे मी विचारले नाही.

आम्ही उधना स्टेशनवर पोचलो. भुसावळ पॅसेंजरला अर्धा तास होता. धनश्री बाकावर बसली आणि म्हणाली, "मामा, माले गावले नही जानं." पुढचे तिचे बोलणेही अहिराणीत होते, जमादारांनी ते सरळ मराठीत लिहिले आहे.

मी विचारले, मग कुठे जायचे? ती म्हणाली, गावी गेले तर सणानंतर तुम्हीच मला परत आणाल. मी म्हणालो, आणावेच लागेल ना माय, रीत आहे. ती म्हणाली, म्हणूनच. एक बाई पूर्वी आमच्या भागात शिवणवर्ग घेत. त्या आता दुसऱ्या गावी असतात. त्यांनी तिला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचे काम बघून ठेवले होते. राहायची सोय तिथेच. त्या बाईंना पत्रे कोणाच्या हातून गेली ते मी तिला विचारले. तिने सांगितले नाही. बरेच केले, माझ्या पोटात काही राहत नाही.

मला राग आला होता, तोही लिहावा. मी म्हणालो, कुलूप होते तेव्हा गेली असतीस तर मी समजलो असतो. आता कुलूप नाही, नवरा नीट वागतो, खायला प्यायला आहे, आणि आता जातेस? मला खरेच कळत नव्हते. लूम बंद पडला की कुठला धागा तुटला ते सापडेपर्यंत मला जेवण जात नाही, तसे झाले.

तिने सांगितले ते असे. एप्रिल महिन्यात एके दिवशी दुपारी तीनला गल्लीतल्या नळाला पाणी आले. शेजारच्या धुरपदाबाईंनी तिला हाक मारली. दार नुसते लोटलेले होते. घरात पिण्यापुरतेही पाणी नव्हते. ती रिकामा हंडा मांडीजवळ घेऊन दाराशी बसली आणि नळाचा आवाज ऐकत राहिली. बायकांची भांडणे ऐकली, हंडे भरल्याचे ऐकले, पाणी गेल्याचे ऐकले. ती उठली नाही. संध्याकाळी हिलाल आला, घरात पाणी नाही म्हणून रागावलाही नाही, स्वतः दोन गल्ल्या पलीकडून घेऊन आला. ती म्हणाली, "मामा, तीन महिन्यांत मी त्याच्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाय टाकलेला नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. त्या दिवशी मी ते मोजायला घेतलं. आता त्याला कुलूप लावावं लागत नाही, आणि तो खूश आहे."

मी म्हणालो, हळूहळू सवय मोडेल. ती म्हणाली, इथे नाही मोडणार. हे ती शांतपणे म्हणाली, डोळ्यांत पाणी वगैरे नव्हते. मी तिला तीनदा विचारले. तू स्वतःच्या मनाने जातेस का? हो. हिलालला बोलावून तुझ्या समोर बसवू का? नको. गावी चल, मी परत न्यायला येणार नाही असा शब्द देतो, चालेल? यावर ती म्हणाली, "तुम्ही नाही आलात तर दुसरा कोणी येईल."

पॅसेंजर आली आणि गेली. मी तिची पेटी उचलून पूल ओलांडला आणि पलीकडच्या फलाटावर तिला तिच्या गाडीत बसवले. तिने माझ्यावर जबरदस्ती केली नाही आणि मी तिला पळवले नाही. पेटी मी उचलली, कारण ती जड होती.

घरी येऊन मी उषाबाईला सर्व सांगितले. ती म्हणाली, चौथ्या वेळेलाच हे करायला हवे होते. पुढच्या सुटीच्या दिवशी मी तिला खोलीला बाहेरून कुलूप लावून तिच्या बहिणीकडे जायला सांगितले. मला ते काय असते ते पाहायचे होते. पहिला तास बरा गेला. नंतर मी उठून दार ओढून पाहिले. कुलूप माझ्याच सांगण्यावरून लागले आहे हे मला माहीत होते, तरी ओढले. असे पाच-सहा वेळा झाले. उषाबाई चार तासांनी आली. धनश्रीचे असे अडीच वर्षे चालले होते.

हिलालने खात्यात मला दोनदा विचारले, मामा, धनश्री पोचली का? मी पोचली, मजेत आहे म्हणालो. हे खोटे बोललो, कबूल आहे. दि. २५ मे रोजी तो स्वतः तिला आणायला गावी गेला. ती तिथे नव्हती. परत येऊन त्याने काल माझ्याविरुद्ध तक्रार दिली. त्याच्या जागी मीही दिली असती.

धनश्रीच्या हातचे दि. १८ मे रोजीचे पत्र मी हजर करतो. त्यात ती स्वखुशीने गेल्याचे व सुखरूप असल्याचे लिहिले आहे. पत्राच्या वरच्या बाजूचा पत्ता मी कात्रीने कापला आहे. पत्ता मला पाठ आहे. जमादारांनी विचारला, मी सांगितला नाही. ती सज्ञान आहे. साहेबांना तिचा जबाब हवा असेल तर मी तिला निरोप देतो, ती स्वतः येऊन देईल. हिलालच्या समोर मात्र बसवू नये.

एकदा जाऊन तिची समजूत काढून बघा, संसार मोडू नये, असे जमादारांनी मला चांगल्या मनाने सुचवले. मी चार वेळा समजूत काढली आहे. पाचव्यांदा जाणार नाही. हे स्थळ मी जमवले म्हणून ते टिकावे असे मला फार वाटत होते. ती दर वेळी परत गेली ती काही अंशी माझ्या शब्दाखातर गेली, असे मला आता वाटते. त्याचे मला वाईट वाटते. हिलालशी माझे वैर नाही. तो वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही, पण त्याच्याजवळ ती पोरगी संपत चालली होती.

मघाशी मी आत येताना हिलाल बाहेर बाकावर बसलेला होता. त्याने मला विचारले, "मामा, कुलूप तर मी काढलं होतं ना? मग काय चुकलं?" तो भांडत नव्हता, त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. मला तिथे उभ्या उभ्या सांगता आले नाही. म्हणून हा जबाब दार उघडे ठेवून मोठ्याने वाचावा, अशी मी विनंती केली व ती मान्य झाली.

जमादारांनी सर्व जबाब सावकाश वाचला, मी कागदावर बोट ठेवून सोबत वाचला. नळाच्या पाण्याचा मजकूर आला तेव्हा हिलाल दारात येऊन उभा राहिला आणि तेवढा भाग पुन्हा वाचा म्हणाला. तो पुन्हा वाचण्यात आला. लिहिलेले माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, त्यात कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

सही : निंबा भिला सोनवणे
समक्ष : श्रीरंग, जमादार