सशाचा रस्ता

अगं, परवा मोशीच्या बालवाडीत मी मुलांना टॅबवर कोडी सोडवायला देत होते. सशाला घरी नेणारा रस्ता निवडायचा, एवढंच. चार वर्षांच्या ओवीनं एकूण एक रस्ता चुकवला. तिची आई पहिली शिफ्ट संपवून कंपनीतून थेट आलेली. तिचा चेहराच उतरला.

"मॅडम, घरी तर हुशार आहे हो."

मी तीच कोडी पुन्हा उघडली आणि ओवीला म्हटलं, "दाबू नकोस, नुसतं दाखव." तिनं प्रत्येक वेळी अचूक रस्ता दाखवला.

"मग मघाशी हाच का नाही दाबलास?"

"त्यानं नुसत्या टाळ्या वाजतात. चुकलं की बेडूक ओरडतो."

आई खुदकन हसली. टॅब जवळ ओढत मला म्हणाली, "मॅडम, एकदा मी चुकू का?"