दुसरी ओळ

(अधारताल, जबलपूर. पॅथॉलॉजी लॅबची कॉम्प्युटरची खोली. दुपार.)

शैलजा : नाही अतुल, तूच म्हणाला होतास. सोमवारी, इथेच उभा राहून. “तीच ओळ दोनदा येते, म्हणजे काही नाही, सोडून द्या.”

अतुल : अरे दीदी, वॉर्निंगच होती ना! एरर थोडीच होती. काहून एवढ्या भडकून राहिल्या?

शैलजा : सकाळी सलोनी आली होती, वडिलांना घेऊन. थायरॉइडची टेस्ट करून गेलेली मुलगी. पियूष तिला फोन करतो. कालच्या दिवसात अकरा वेळा.

अतुल : आपला पियूष? त्याला तर अशाच पहिल्या तक्रारीनंतर आपल्या मझौलीच्या सेंटरवर पाठवलं ना?

शैलजा : पाठवलं. आणि पेशंटचे नंबर दिसू नयेत म्हणून मी सोमवारी कॉम्प्युटरवरचा त्याचा हक्क काढला. निदान मला तसं वाटलं. सलोनीची टेस्ट बुधवारची आहे, म्हणजे सोमवारनंतरही त्याला नंबर दिसतच होते.

अतुल : मग सॉफ्टवेअरच खराब आहे. एकच मेसेज दोन-दोन बार देते.

शैलजा : एकच? वाच. मोठ्यानं वाच.

अतुल : “पेशंट टेबलवरचा कोणताही हक्क काढता आला नाही.” आणि खाली तेच... “पेशंट टेबलच्या मोबाईल कॉलमवरचा...”

शैलजा : थांबलास काहून? कोणी टेबलमधल्या, म्हणजे पेशंटच्या यादीतल्या, त्या एका कॉलमचा हक्क वेगळा दिलेला असला, तरच ही दुसरी ओळ येते. कोणी दिला?

अतुल : मीच, दिवाळीत. पियूष म्हणे, भैया, रिपोर्ट तयार झाले की मीच लोकांना मेसेज टाकत जाईन. मी म्हटलं, चलो, चांगलंच आहे.

शैलजा : मला न विचारता! वर टेबल लॅबच्या नावानं बनवायचं सोडून तू स्वतःच्या लॉगिननं बनवलंस. ज्यानं हक्क दिला त्यालाच तो काढता येतो, मग माझ्या हातून काय निघणार होतं? मशीन दोनदा सांगत होतं, अतुल, दोनदा!

अतुल : तुम्ही तरी कुठं वाचली दुसरी ओळ?

शैलजा : नाही वाचली. तिच्या वडिलांना तेच सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. बस इथे. तुझ्या लॉगिननं काढ.

अतुल : ...झालं. बघा, एकही वॉर्निंग नाही. आता त्याला काहीच दिसणार नाही, दीदी.

शैलजा : वडिलांनी सलोनीचा फोन काढून घेतला. सकाळी, माझ्यासमोर.